हिशेबाची प्रत जाते कोठे?

पेढीच्या लिनक्स संगणकाला ‘माउंट’ आज्ञेने जोडलेली दुसरी डिस्क संगणक पुन्हा सुरू करताच विलग होते; जोडणीची रिकामी निर्देशिका तेवढी उरते. रोज रात्री आपोआप निघणारी खात्यांची प्रत मग निमूटपणे तेथेच, म्हणजे मूळ डिस्कवरच, साठू लागते. ती डिस्क बिघडली की वही आणि प्रत दोन्ही बुडाली!

जोडणी कायम राहण्यासाठी ‘ईटीसी’मधील ‘एफएसटॅब’ फायलीत तिची ओळ लिहावी. ‘एसडीबी१’सारखे नाव बदलू शकते, म्हणून डिस्कचा ‘यूयूआयडी’ द्यावा. ‘नोफेल’ हा पर्यायही घालावा, अन्यथा डिस्क नसताना संगणक सुरू होतानाच अडतो. मात्र ‘नोफेल’मुळे डिस्कविनाही कामे बिनबोभाट चालू राहतात, सबब प्रत काढण्यापूर्वी ‘माउंटपॉइंट’ आज्ञेने जोडणी तपासण्याची सोय प्रत काढणाऱ्या स्क्रिप्टमध्येच करून घ्यावी.