घर काही कांदा नव्हे



हल्ली शिवारफेरीला गेलो की खताची मात्रा विचारणाऱ्यांइतकेच फ्लॅटचा भाव विचारणारे भेटतात. मुलगा पुण्याला नोकरीला, तिथे भाड्याच्या खोलीत. लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलीकडची मंडळी पहिला प्रश्न घराचाच काढतात. मग पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, "थांबा, भाव इतका चढलाय की आता आपटणारच. तेव्हा घेऊ." दुसरा म्हणतो, "शहरातला भाव कधी उतरतो काय? आजच दोन एकर काढा नि मोकळे व्हा." वाद या दोघांचा, आणि जीव टांगणीला लागतो तो त्या दोन एकरांचा.

भाव कसा कोसळतो हे तुम्हाला दुसऱ्याने सांगायला नको. चाळीतला कांदा सडू लागला की मिळेल त्या भावाला काढावा लागतो. साऱ्यांनी एकदम काढला की बाजार समितीत ट्रॅक्टरांची रांग लागते आणि भाव गडगडतो. विकणाऱ्याला थांबता येत नाही, एवढेच त्याचे कारण. घर मात्र सडत नाही. (गळते, ती गोष्ट वेगळी!) गिऱ्हाईक नसले तर मालक कुलूप लावून स्वस्थ बसतो. बिल्डर भाव तोच सांगतो, पण पार्किंग फुकट देतो, स्वैपाकघरातली कपाटे करून देतो. हेही भाव उतरणेच झाले, फक्त पाटीवर दिसत नाही.

म्हणून घरे कधी कोसळतच नाहीत, असे समजू नका. जपानात १९९१ नंतर जमिनीचे भाव जे उतरू लागले ते पंधराएक वर्षे उतरतच राहिले. अमेरिकेत २००६ पासून उतार लागला आणि २०१२ पर्यंत घरांच्या भावातला चौथ्या हिश्शाहून अधिक भाग गेला. तिथेही कारण कांद्याचेच. ज्यांची फेडण्याची ऐपत नव्हती त्यांनाही कर्जे वाटली गेली, हप्ते थकले आणि लाखो घरे जवळपास एकाच वेळी जप्तीत निघाली.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या पूर्ण किमतीइतके कर्ज मिळत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा. उरलेले पैसे पदरचे घालावे लागतात. म्हणून अमेरिकेसारखी पडझड इथे लगेच होईल असे मला वाटत नाही. आपल्याकडचा प्रकार निराळा, भाव गोठतो. २०१४ ते २०२० या काळात पुण्या-मुंबईच्या बऱ्याच भागांत भाव जवळपास जागच्या जागी होते. महागाई सालाला ५ टक्के धरा, म्हणजे सहा वर्षे ६० लाखांवरच थांबलेले घर प्रत्यक्षात ४५ लाखांवर आले. ना कोणी ओरडले, ना बातमी झाली. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने काही महिन्यांसाठी मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट दिली, तेव्हा खरेदीला उठाव आला आणि नंतर भावही वर सरकले.

तेव्हा भाव आपटण्याची वाट पाहणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागायचे नाही. पण भाव चढतच राहणार या भरवशावर जमीन काढणाऱ्याची मला अधिक काळजी वाटते. त्यासाठी थोडा हिशेब करू.

घर ६० लाखांचे. पदरचे १२ लाख, कर्ज ४८ लाख. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली, तर हप्ता महिन्याला सुमारे ४१,७०० रुपये बसतो. म्हणजे एकूण परतफेड जवळजवळ १ कोटी. व्याज एक टक्क्याने वाढले की तोच हप्ता ४४,७०० च्या पुढे जातो, आणि व्याज वाढतेच. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. आता हेच घर भाड्याने घेतले आणि वर्षाचे भाडे किमतीच्या ३ टक्के धरले, तर महिन्याला १५ हजार पडतात. भाडे म्हणजे पाण्यात पैसे, असे मुलाला सरसकट सांगू नका.

समजा, घराचा भाव वीस टक्क्यांनी उतरला. गेले १२ लाख, म्हणजे नेमके तुमच्या पदरचे तेवढेच. मुलगा त्याच घरात राहत असेल आणि हप्ता वेळेवर जात असेल तर त्याचे काही बिघडत नाही. नोकरी गेली आणि घर विकायची पाळी आली, तर मात्र बँकेचे देणे फिटून हातात शून्य. म्हणून भावापेक्षा पगार पाहा. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसतो का? वर्षभराच्या हप्त्यांइतकी ठेव बाजूला आहे का? दोन्हींचे उत्तर होय असेल, तर भाव थोडा वरखाली असला तरी घर घ्यावे. नसेल तर दोन-तीन वर्षे भाड्याने राहून मुलाने पदरची रक्कम स्वतः साठवावी.

चालू बांधकामातले घर असेल तर महारेराची नोंद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. तो मागू लागला तर तिथूनच उठा.

राहिली जमीन. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट विकून दुसरा घेता येतो, पण तुमच्या नावावरचा शेवटचा गुंठा गेला की पुन्हा जमीन घेताना हा कायदा आडवा येतो. त्यातून २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत लेकींचा हक्क मुलाइतकाच आहे. दोन एकर विकून फ्लॅट एकट्या मुलाच्या नावे होणार असेल, तर इसार घेण्याआधी लेकींना माहेरी बोलवा, त्यांच्या आईलाही बैठकीला बसवा आणि कागद मोठ्याने वाचून दाखवा.