बादशहाची सुई आणि खालाची सुई

माझी भाची गांबियाला निघाली आहे. पश्चिम आफ्रिकेतला हा एक छोटासा, मुस्लिमबहुल देश. तिथे बायकांचा एक गट टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या धुतो, वाळवतो, त्यांच्या लांब पट्ट्या कापतो आणि क्रोशाच्या सुईने बटवे विणतो. त्या गटात ती दोन महिने बिनपगारी काम करणार आहे. पासपोर्ट आला, पिवळ्या तापाची लस टोचून झाली आणि आमच्या खुलताबादच्या मोहल्ल्यात चर्चा सुरू झाली.

पहिला आक्षेप ठरलेलाच होता : जवान पोरीला मेहरमशिवाय परदेशी कशी धाडता? बुजुर्गांचा अदब राखून एवढेच म्हणतो, की याच मोहल्ल्यातल्या विधवा पहाटेच्या एसटीने औरंगाबादला धुणीभांडी करायला जातात, तेव्हा त्यांच्या मेहरमची चौकशी कुणी करत नाही. पोटासाठी निघालेल्या बाईला मुभा आणि शिकायला निघालेल्या मुलीला मनाई, याला दीन म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

तेव्हा तिने जरूर जावे. माझा आक्षेप निराळा आहे आणि तो मी तिच्या तोंडावर मांडला आहे.

ती म्हणाली, "मामू, तिथल्या गरीब बायकांच्या मदतीला चाललेय."

मी विचारले, "बेटा, तुला क्रोशा येतो?"

येत नाही. मग मदत कोण कुणाला करणार? सुरुवातीचे कित्येक दिवस त्याच बायका हातातले काम बाजूला ठेवून हिला शिकवणार. इसातू सीसे या गांबियन बाईने १९९७ साली न्जाऊ गावात चार मैत्रिणींना घेऊन हे काम सुरू केले. फेकलेल्या पिशव्या खाऊन शेळ्या मरत होत्या, त्यातून ही वाट निघाली. आपल्या महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली ती २०१८ साली. त्याच वर्षी नारेगावच्या लोकांनी औरंगाबादच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि अख्खे शहर सडत राहिले. जे आपल्याआधी शहाणे झाले, त्यांच्याकडे शागीर्द म्हणून जायचे असते, उपकार करायला नव्हे.

आता घरचा हिशेब. आमच्या गल्लीत एक खाला आहेत. जुनी लुगडी, फाटके कुर्ते, विटलेल्या ओढण्या यांचे थर लावून गोधड्या शिवतात. एका गोधडीला पंधरा-वीस दिवस. त्यांच्या कामाला 'रिसायकलिंग' म्हणावे, असे कुणाला कधी सुचले नाही, कारण ते घरात होते, बाई करते आणि फुकट होते. भाचीच्या बॅगेत जी गोधडी ठेवली आहे, तीही खालांनीच शिवली. मजुरी? ईदला एक साडी दिली होती. देणारा मीच. घाम वाळायच्या आत मजुराचे पैसे द्यावेत, हे जुम्याच्या बयानात ऐकून मान डोलावणाराही मीच.

आमच्या गावात औरंगजेबाची साधी कबर आहे. १७०७ साली वारलेल्या त्या बादशहाने टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतून ती बांधली गेली, असे इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. म्हणजे बादशहाने सुई धरली तर त्याची कहाणी तीनशे वर्षे चालते, आणि खाला जन्मभर सुई धरतात तर म्हणे 'रिकामा वेळ घालवतात'! बादशहाच्या टोपीला निदान दाम तरी मिळाला.

म्हणून मी भाचीला दोन अटी घातल्या. निघण्यापूर्वी महिनाभर रोज खालांपाशी बसून टाका शिकायचा. आणि तिथे गेल्यावर फोटो काढण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या : बटव्याची किंमत कोण ठरवते, विणणारीच्या हातात किती पडते, आणि हिशेबाची वही कुणाकडे असते? 'खिदमत' हा शब्द त्यानंतर वापरायचा.

तिसऱ्या दिवशी तिच्या बोटांना सुया टोचल्या, तेव्हा तिने मला विचारले, "मामू, खालांची वही कुणाकडे आहे?"

मी त्या संध्याकाळी गोधडीचे पैसे देऊन आलो. साडी वजा न करता. तुमच्या घरातली गोधडी कुणी शिवली आणि तिला काय दिले, तेवढे आजच आठवून पाहा.