आपल्या रोगांवर आपलेच संशोधन हवे

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने कोरोनाचा विषाणू विलग केला. संस्थेने पुरविलेल्या विषाणूपासून घडलेल्या कोव्हॅक्सिन या स्वदेशी लशीला ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन मान्यता मिळाली. या यशाचा अभिमान प्रत्येक भारतीयाने बाळगावा. मात्र त्यामागे १९५२ पासूनची अखंड साधना आहे, याचा विसर पडू नये.

याच संस्थेने १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात माकडे का मरत आहेत, याचा छडा लावला. गोचिडीतून माणसाला होणारा तो रोग म्हणजे माकडताप. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागेत राबणारा मजूर आणि सरपणासाठी रानात जाणारी माउली हे त्याचे भक्ष्य. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली जाणारी जुनी लस पुरेशी प्रभावी न ठरल्याने ती बंद करावी लागली. नव्या लशीचे प्रयत्न सुरू झाले, ते साठ वर्षे उलटून गेल्यावर!

कोरोनाची लस वर्षाच्या आत आणि माकडतापाचा रुग्ण मात्र अजून प्रतीक्षेत, असे का व्हावे? कोरोनाने साऱ्या जगाला ग्रासले होते. माकडताप सह्याद्रीच्या कुशीतील गरिबाला ग्रासतो. त्याच्या औषधात विदेशी कंपन्यांना नफा दिसत नाही आणि राजधानीला त्याचा आक्रोश ऐकू येत नाही. जिथे बाजार पाठ फिरवतो, तिथे उभे राहणे हेच राष्ट्रीय संस्थेचे खरे प्रयोजन होय.

सीमेवर शांतता आहे म्हणून आपण सैन्य विसर्जित करीत नाही. मग साथ ओसरली की प्रयोगशाळांकडे दुर्लक्ष का? शासनाने या संस्थांना सातत्याने निधी आणि मनुष्यबळ द्यावे. संस्थांनीही आपले निष्कर्ष, ते अप्रिय असले तरी, विनाविलंब समाजासमोर मांडावेत.

समाजाचेही कर्तव्य आहेच. रानात माकड मेलेले दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला त्वरित कळविणे, हे वाडीवस्तीवर काम करणारा कोणताही कार्यकर्ता करू शकतो. १९५७ च्या शोधाची सुरुवातही मेलेल्या माकडांपासूनच झाली होती. शेवटच्या वस्तीतील माणूस सुरक्षित झाला, तरच राष्ट्र सुरक्षित झाले असे म्हणता येईल.