परित्राणाचे पाणी आणि सहा महिन्यांच्या गोळ्या



मागच्या पौर्णिमेला ताडीवाला रोडच्या एका मावशींकडे आमचे जाणे झाले. त्यांच्या मालकांना टीबी निघालेला. दोन महिने गोळ्या घेतल्या, ताप गेला, खोकला बसला, तोंडाला चव आली आणि गोळ्या बंद! विचारले तर मावशी म्हणाल्या, "आता बरं वाटतंय की त्यांना. भन्तेजींनी परित्राण पाठ केला, पाणी दिलं, तवापासनं उतार पडला बघा. गोळ्यांनी नुसती मळमळ. अन् शेजारचे सांगत होते, शरीर आपलं आपण बरं होतं, औषधानं उलट बिघडतं."

आम्ही हसलो नाही. मावशींच्या बोलण्यात निम्मे खरे आहे आणि धोका त्या निम्म्यातच आहे.

शरीर स्वतःला बरे करते, हे खोटे नव्हे. डॉक्टर टाका घालतो, पण कातडी जुळते ती आपल्या आपण. प्लास्टर हाड सांधत नाही, ते फक्त हलू देत नाही. सांधण्याचे काम हाडच करते. टीबीचे जंतू अंगात शिरलेल्या दहांपैकी साधारण नऊ जणांना हा रोग जन्मभर होतच नाही. शरीर त्या जंतूंना कोंडून ठेवते. परंतु दहाव्याला जेव्हा तो होतो, तेव्हा शरीर हरलेले असते. औषधे निघण्यापूर्वी अशा रोग्यांपैकी निम्म्याच्या आसपास दगावत.

ताडीवाला रोडवर हा विषय निघावा यात नवल नाही. आज मातोश्री रमाबाई आंबेडकरांचे नाव असलेल्या याच रस्त्यावर बापू भवन आहे. तेथे पूर्वी डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि गांधीजींचा तेथे मुक्काम असे. १९८६ पासून तेथे सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. माती, पाणी, ऊन, साधा आहार यांचा उपचार गरिबाला परवडेल, हा विचार चांगलाच होता. शहरातले केंद्र गरिबांच्या कामी येत नाही हे ओळखून गांधीजी १९४६ साली उरुळी कांचनला गेले, हेही त्यांच्या प्रामाणिकपणाचे मानले पाहिजे. पण तेथे सर्वांत मोठे औषध म्हणून त्यांनी रामनाम सांगितले, आणि तेथेच आमची वाट वेगळी होते. शिवाय १२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना ससूनमध्ये आणले आणि कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे अपेंडिक्स कापून काढले, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेला होकार दिलाच. वीज गेली म्हणून शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले होते. ससून ताडीवाला रोडपासून लांब नाही.

मग आपल्या धम्मात काय सांगितले आहे? विनयपिटकातील महावग्गात एका भिक्खूची हकीकत आहे. त्याला अतिसार झाला होता व तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो कुणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नसे. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. नंतर संघाला बजावले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. तेथे कोणताही चमत्कार केलेला नाही. घाण धुतली आहे.

त्यापुढचा भाग आमच्या आयाबहिणींनी विहारात मुद्दाम वाचून घ्यावा. चांगला रोगी कोण? जो पथ्य पाळतो, पथ्यातही प्रमाण ओळखतो, औषध घेतो, आपला त्रास सेवा करणाऱ्याला जसा असेल तसा सांगतो आणि वेदना सोसतो. आणि सेवा करणारा कसा असावा? औषध तयार करता येणारा, काय सोसेल काय नाही ते जाणणारा, लोभापायी नव्हे तर मायेपोटी करणारा, मलमूत्राची किळस न करणारा आणि वेळोवेळी धम्माचे चार शब्द सांगून रोग्याला उभारी देणारा. म्हणजे औषध आणि उभारी एकाच यादीत आहेत. एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही.

उभारी काय करू शकते आणि काय नाही, हे अमेरिकेतील बोस्टनच्या डॉक्टरांनी मोजून पाहिले. त्यांचा २०११ साली छापून आलेला प्रयोग दम्याच्या रोग्यांवर होता. कधी खऱ्या औषधाचा फवारा दिला, कधी औषध नसलेला फवारा, कधी खोट्या सुया टोचल्या, तर कधी काहीच केले नाही. आराम किती पडला असे विचारले, तर पहिल्या तिन्ही वेळी रोग्यांनी जवळजवळ सारखाच, निम्म्याच्या आसपास सांगितला. काहीच न करता तो फारच कमी होता. पण यंत्रात फुंकर मारायला लावून छाती मोजली, तेव्हा खऱ्या औषधाने श्वास २० टक्के सुधारला होता. खोट्या उपचारांनी ७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे काहीच न केल्याइतकाच. बरे वाटणे खरे होते, पण छाती होती तेथेच होती.

मावशींच्या मालकांना बरे वाटते तेही खरेच. मात्र दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात आणि चिवट तेवढे दडून राहतात. त्यांच्यासाठीच सहा महिन्यांचा कोर्स असतो. मध्येच सोडला तर उरलेले जंतू पुढे औषधालाच जुमानेनासे होऊ शकतात.

"आम्हाला कुठली मोकळी हवा, कुठलं दूध?" हाही प्रश्न घरोघरी ऐकू येतो. मद्रासला १९५० च्या दशकात १९३ गरीब रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. काहींना इस्पितळात विश्रांती, हवा, सकस जेवण. काहींना घरीच, दाटीच्या खोलीत, कमी अन्नावर. गोळ्या दोघांनाही वर्षभर. १९५९ साली निकाल आला, तो दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. म्हणून अन्न फुकट असे कुणी समजू नये. झारखंडमध्ये रोग्यांच्या घरच्यांना पुरेसे धान्य-डाळ दिली, तेव्हा त्या घरच्यांत नवा टीबी बराच कमी झाला, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले आहे. सरकार रोग्याला आहारासाठी दरमहा पैसे देते. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये केली आहे. ती खात्यात येते की नाही हे पाहावे, नसेल तर विचारावे. तो हक्क आहे, उपकार नव्हे.

मळमळीचेही सांगतो. ती डॉक्टरांना सांगितली तर गोळ्यांची वेळ बदलून किंवा दुसरा उपाय करून ती कमी करता येते. लघवी लाल होते म्हणून घाबरून गोळ्या फेकून देणारेही आम्ही पाहिले. तो औषधाचा रंग आहे. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली, तीत पाच वर्षांच्या आजारातून आपण तगलो याचे श्रेय त्यांनी आपल्या डॉक्टर पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले आहे. हे आम्ही मावशींना सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पाणी टाकून देऊ का?"

भन्तेजींनी गोळ्या सोडा असे कधीच म्हटले नव्हते. ते स्वतः मालकांना घेऊन दवाखान्यात गेले. थुंकी पुन्हा तपासायला दिली, औषध पुन्हा सुरू झाले. बाटली खिडकीतच आहे. रोज सकाळी त्रिशरण-पंचशील झाले की मावशी तिच्यातले पेलाभर पाणी ओततात आणि मालक त्याच पाण्याबरोबर गोळ्या गिळतात.