अम्मीची पिशवी आणि आभाचा ओटीपी

मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हॉइस नोट फिरतेय: ‘आभा कार्ड काढू नका, ही एनआरसीची तयारी आहे.’ पुढे पाठवणाऱ्यांत माझ्यासारखे दोन इंजिनिअरही होते, म्हणून हे लिहितोय.

आभा हा 14 आकडी आरोग्य क्रमांक आहे. साखर आणि बीपीच्या रिपोर्टवरून कुणाचं नागरिकत्व ठरत नाही. नोंद नसल्याचं नुकसान मात्र मी घरातच पाहतो. अम्मीचे सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. इंग्रजीत ‘शेख’ एका रिपोर्टवर ए-आयने, दुसऱ्यावर ई-आयने. कुठे नावापुढे बी, कुठे बेगम. कॉम्प्युटरच्या लेखी या तीन वेगळ्या बायका. पेनिसिलिनची ॲलर्जी यातल्या एकाच कागदावर लिहिलेली आहे. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ती पिशवी कोण उपसणार? एकच क्रमांक असला तर स्पेलिंगचा हा घोळ निदान आडवा येत नाही.

तरी भीती हवेतून आलेली नाही. एप्रिल 2020 मध्ये आरोग्य मंत्रालय रोजच्या माहितीत तबलिगी जमातीशी जोडलेले रुग्ण वेगळे मोजत होतं. आजाराला धर्माचा रकाना जोडला की काय होतं, ते हातगाडीवर भाजी विकणाऱ्या आपल्या पोरांनी भोगलं. 2021 मध्ये लसीसाठी आधार दिलेल्या अनेकांचे आरोग्य क्रमांक न विचारताच तयार झाले. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला सूट देऊ शकतं.

सरकार म्हणतं, नोंदी एका गोदामात जात नाहीत, त्या-त्या दवाखान्याकडेच राहतात. खरं आहे. पण दवाखान्यातले कॉम्प्युटर मी पाहिलेत: अख्ख्या वॉर्डाला एक पासवर्ड आणि तोही मॉनिटरवर चिकटवलेला! नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कितीतरी दिवस तिथलं काम कागदावर चाललं. देशातल्या सर्वात मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाची ही गत.

म्हणून माझं भांडण दोघांशी आहे. कार्डच नको म्हणणाऱ्यांशी, आणि ‘आपल्याला काय लपवायचंय’ म्हणत काउंटरवर ओटीपी सांगून मोकळे होणाऱ्यांशी. ओटीपी म्हणजे सही. आभा ऐच्छिक आहे; त्याशिवाय केस पेपर मिळणार नाही असं कुणी म्हटलं, तर तो नियम लेखी मागा. ॲपमध्ये कोण, कशासाठी, किती दिवसांसाठी नोंदी मागतोय ते दिसतं. नाकारता येतं, दिलेली परवानगी काढून घेता येते. हे अम्मीला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, आणि पगार मला याच कामाचा मिळतो.

रविवारी जोहरनंतर मी मशिदीबाहेरच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसणार आहे. येताना आधार आणा, पिशवीही आणा. आधी नावाचं स्पेलिंग बघू.