८४ गुण मिळूनही बोनस हुकला; चूक कोणाची?

‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा गेम ऑक्टोबर २०१० मध्ये आला. कथा, संवाद झकास. पण गेम मध्येच बंद पडायचा. समीक्षकांनी गुण कापले आणि मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर सरासरी ८४ वर अडकली. गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस होता ८५ला. रॉयल्टीही नव्हती! कंपनीच्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनीच २०१२ मध्ये ट्विटरवर हे सांगितले.

गुण कापणे चुकीचे नव्हते. पूर्ण पैसे मोजणाऱ्याला बिघाड आधी कळायलाच हवेत. चुकला तो करार. काम जेमतेम दीड वर्षात उरकायचे होते. पुढे अपडेट आले, बरेच बिघाड दुरुस्तही झाले. मेटाक्रिटिक मात्र समीक्षकाने पहिल्यांदा दिलेलेच गुण धरते. त्यामुळे गेम सुधारला, आकडा तसाच राहिला.