आधी हवेने पारखा, मग ऑइल भरा



६ डिसेंबरला निगडीहून चैत्यभूमीला निघालेल्या गाडीत आई, लेकरे, शेजारी सगळे असतात. परतीला खंडाळ्याचा चढ, जाताना उतार. उतारावर ब्रेक तापतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. नवे डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत टिकते. ओल धरलेले १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. वाफ झाली की पेडल रिकामे जाते. म्हणून जुने ऑइल आणि हवा काढायची.

घरी पंपाच्या दाबाने हवा काढताना टोपणातून गळती झाली, की आपले बांधव आणखी आवळतात, आणखी दाब देतात. मग प्लॅस्टिकची डबी तडकते.

रीत अशी : त्याच मॉडेलचे जादा टोपण घ्या. भोक पाडून नळीचा निपल बसवा. दोन्ही बाजूंनी सपाट रबरी वायसर. डबीची कड कोरडी पुसा. पंपात ऑइल न घालता नुसती हवा भरा, १० पौंड. काटा दहा मिनिटे स्थिर राहिला, तरच ऑइल भरा. उतरला, तर सांध्याला साबणाचा फेस लावा; बुडबुडा दिसेल तिथे दोष. टोपण उघडण्याआधी दाब सोडा, फेस पुसा. रबराला पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लावू नका, ते फुगते. १५ पौंडांपुढे जाऊ नका.

शेवटी पेडल घट्ट लागले पाहिजे. मोकळ्या मैदानात सावकाश चालवून बघा. एबीएसची गाडी कारागिराकडेच न्या.

तथागतांनी पारखून मगच स्वीकारायला शिकवले. ब्रेकलाही तेच लागू. मागे लेकरे बसलेली असतात!